मुंबईच्या गोदीतली सागवानी युद्धनौका बघायला हार्टलपूलला जायचंय? मग हे वाचून निघा

लंडनला मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आईवडलांची यादी ठरलेली असते. टॉवर ब्रिज, विंडसर, स्टोनहेंज, झालंच तर बर्मिंगहॅमजवळचं बालाजी मंदिर. हार्टलपूलचं नाव त्या यादीत सहसा नसतं. ते का असावं, हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना वाचायला हुरूप येईल. ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा बंदरात 'एचएमएस ट्रिंकोमली' नावाची तीन डोलकाठ्यांची लाकडी युद्धनौका पाण्यावर उभी आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पहिल्यांदा पाण्यात उतरली ती मुंबईच्या गोदीत. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचा सागवान. आजही तरंगत असलेली ही सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका. पोर्टस्मथची प्रसिद्ध 'व्हिक्टरी' हिच्याहून जुनी आहे खरी, पण ती सुक्या गोदीत टेकवून ठेवलेली आहे.

जुनी लाकडी युद्धनौका आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अशा नौकेवर बहुतेक जण तोफेशेजारी फोटो काढतात, कॅप्टनच्या केबिनमध्ये डोकावतात आणि पाऊण तासात बाहेर येऊन कॉफी शोधतात. माझं म्हणणं उलटं आहे. तोफांना कमी वेळ द्या, लाकडाला जास्त. तोफा बऱ्याचशा नंतर बनवलेल्या प्रतिकृती आहेत, डोलकाठ्या आणि दोरखंड दुरुस्तीच्या वेळी नव्याने उभे केलेले आहेत. सांगाड्याचा बराच भाग मात्र मुंबईत तासलेला, मूळचा सागवान आहे. तोच बघायला एवढ्या लांब जायचं.

निघण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी

नौकेवरच्या पाट्या इंग्रजी वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याला लागणारे धागे त्यांत सापडतीलच असं नाही, म्हणून चार गोष्टी घरूनच डोक्यात ठेवून जा.

नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडमध्ये जहाजबांधणीला लागणाऱ्या ओकची चणचण झाली होती. मुंबईत मात्र सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने गोदीत जम बसवलेला होता, आणि मलबारचा सागवान समुद्रमार्गे थेट गोदीपर्यंत येत होता. १८१२ साली ब्रिटिश नौदलाने या फ्रिगेटची, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेची, मागणी मुंबईकडे नोंदवली. तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन 'जावा' नावाची दुसरी फ्रिगेट निघाली. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने तिला गाठलं, हरवलं आणि पेटवून दिलं. नकाशे गेले. दुसरी प्रत येऊन काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. त्या वर्षी मे महिन्यात जमशेटजींनी पारशी प्रथेप्रमाणे नौकेच्या पठाणात, म्हणजे तळातल्या कण्याच्या वाशात, चांदीचा खिळा ठोकला. बांधणीचा खर्च आला सुमारे २३ हजार पौंड.

'जावा'वर जनरल थॉमस हिस्लॉप नावाचे एक प्रवासी होते. ते पकडले गेले, सुटले, पुढे हिंदुस्थानात पोचले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो यांनीच, आणि १८१८ मध्ये खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर चढवण्याचा हुकूमही यांचाच. म्हणजे जे जहाज हिस्लॉपना हिंदुस्थानात आणत होतं, त्यातच या नौकेचे नकाशे होते. शिवाय ही नौका मुंबईत पाण्यात उतरली त्यानंतर अवघ्या २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडत असताना मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी हे काम सुरू होतं. कारागिरी आपल्या मातीतली, सत्ता त्यांची. नौकेवर फिरताना कौतुक वाटेल आणि ठसठसही होईल. दोन्ही होऊ द्या.

बाकी तिचं आयुष्य लढायांनी फारसं गजबजलेलं नाही. मुंबईहून इंग्लंडला जाताना वाटेत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर थांबली, तेव्हा नेपोलियन तिथेच कैदेत होता. तिथून निघताना त्याला तपासलेला एक डॉक्टर तिने बरोबर घेतला. एप्रिल १८१९ मध्ये पोर्टस्मथला पोचली आणि लढाया संपल्यामुळे तिच्यावर छप्पर घालून तिला जवळजवळ पंचवीस वर्षं नुसतं बांधून ठेवलं. १८४५ मध्ये डागडुजी, तोफांची संख्या कमी करून २६, मागच्या बाजूला नवा गोलाकार आकार. मग कॅरिबियन आणि उत्तर अमेरिका, नंतर पॅसिफिक. १८५७ नंतर ती लढाऊ सेवेत राहिली नाही, प्रशिक्षणासाठी वापरली गेली. त्यातली काही वर्षं याच हार्टलपूलमध्ये गेली. १८९७ साली भंगारात निघाली असताना व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ती विकत घेऊन 'फूड्रॉयंट' असं नाव दिलं, कारण प्रसिद्ध इंग्रज दर्यासारंग नेल्सनची त्या नावाची जुनी नौका त्याने घेतली होती आणि ती त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली होती. पुढे १९८६ पर्यंत मुलामुलींना समुद्रावरचं जीवन शिकवण्यासाठी ती वापरात होती.

१९८७ मध्ये तिला एका तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. का हार्टलपूलच? कारण १८६० सालच्या 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेची मोठी दुरुस्ती तिथे नुकतीच पुरी झाली होती आणि काम येणारी माणसं गावात हजर होती. जहाजबांधणी बंद पडलेल्या गावाला ते कामही हवंच होतं. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं, २००१ मध्ये दुरुस्ती संपली.

इथे एक आडवळण घेतोच. मुंबईतही संग्रहालय झालेली युद्धनौका होती, 'विक्रांत'. २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, २०१२ मध्ये धोकादायक ठरवून बंद केली, २०१४ मध्ये भंगारात गेली. पोलादी नौका अकरा वर्षांत आपल्या हातून गेली, आणि आपल्याच गोदीतली लाकडी नौका दोनशे वर्षांनंतर परक्या गावात पाण्यावर आहे. समुद्रात उभी केलेली नौका म्हणजे कायमचा खर्च, हे तिथल्या लोकांनी आधी मान्य केलं, एवढाच फरक.

तारीख आणि गाडी

संग्रहालयाचं सध्याचं नाव 'नॅशनल म्युझियम ऑफ द रॉयल नेव्ही, हार्टलपूल'. तिकिटाचे दर, वेळा आणि हिवाळ्यातले बंद दिवस बदलत राहतात. त्यामुळे आकडे इथे देत नाही, संकेतस्थळावर बघा. निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. लाकडी नौकेचं काम कधीच संपत नाही, एखादा डेक दुरुस्तीसाठी बंद असू शकतो. घरच्यांना लंडनहून तीन तास आणून खालचा डेक बंद मिळाला तर दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. तरी हा उत्तर समुद्राचा किनारा आहे. लंडनमध्ये ऊन असलं तरी इथे समुद्रावरून धुकं येऊन बसतं आणि जुलैमध्येही स्वेटर लागतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीचं जॅकेट घ्या.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून हार्टलपूलला थेट गाड्या आहेत, 'ग्रँड सेंट्रल' कंपनीच्या, सुंदरलँडला जाणाऱ्या. सुमारे तीन तास. दिवसात त्या मोजक्याच असतात, म्हणून जाण्याआधी परतीची गाडी ठरवा, उलटं नको. याच गाड्या यॉर्कला थांबतात. मला विचाराल तर लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा यॉर्क किंवा न्यूकॅसलला एक रात्र मुक्काम करा. न्यूकॅसलहून लोकल गाडीने तासाभरात पोचता. हार्टलपूल स्टेशनवरून संग्रहालय पायी पंधरा मिनिटांच्या आत. रस्ता सपाट आहे, पण वारा समोरून येतो.

काय घालायचं, काय नाही

नौकेवरचे जिने हे जिने नसतात, त्या जवळपास शिड्याच असतात. अरुंद, उभ्या, पायऱ्या झिजलेल्या. आईने साडीच नेसायची म्हटलं तर नेसू द्या, पण सलवार किंवा पँट असली तर ती तळापर्यंत जाऊन येईल आणि साडीत बहुधा वरच्या दोन डेकांवरच थांबेल. रबरी तळव्याचे सपाट बूट घाला. चामडी तळव्याचे बूट ओल्या डेकवर घसरतात.

उतरताना शिडीकडे तोंड करा. आपल्याकडे जिना उतरताना समोर बघत उतरायची सवय असते, इथे ती सोडायची. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याला लटकणारी पर्स नको, पाठीवर लहान सॅक चालेल. मोठ्या बॅगा स्टेशनवर ठेवायची सोय असेल असं गृहीत धरू नका, हॉटेलवरच ठेवा.

पुढे झाप असलेली टोपी काढून ठेवा. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण डोक्यावरची तुळई त्या झापेमुळे दिसत नाही आणि कपाळ आपटतं. खालच्या डेकवर साडेपाच फुटांच्या माणसालाही मान घालून चालावं लागतं. चालताना एक हात कपाळाच्या उंचीवर पुढे ठेवा, दोन मिनिटांत सवय होते.

गुडघे दुखणाऱ्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहावं. वरचा उघडा डेक आणि तोफांचा डेक एवढं बघूनही येणं वाया जात नाही. व्हीलचेअर लागणारं कुणी बरोबर असेल तर कुठपर्यंत नेता येतं ते आधीच विचारून घ्या.

आत शिरण्याआधी धक्क्यावरून एक फेरी

तिकीट दाखवलं की लोक सरळ नौकेकडे धावतात. थांबा. नौका एका बंदिस्त गोदीत उभी आहे आणि भोवती अठराव्या शतकातल्या बंदराचा देखावा उभारलेला आहे: शिंप्याचं दुकान, नकाशे-दुर्बिणी विकणारा, बंदुका घडवणारा, पुतळे, आवाज वगैरे. मुलं बरोबर असतील तर तासभर सहज जातो. मोठ्यांनी त्यात अडकू नये असं माझं मत, कारण हा देखावा गेल्या शतकाच्या शेवटी उभारलेला आहे आणि खरी वस्तू समोर पाण्यात आहे.

धक्क्यावरून आधी नाळेकडे जा, म्हणजे पुढच्या टोकाकडे. तिथे पागोटं घातलेल्या पुरुषाची कोरीव मूर्ती दिसेल. नौकेचं नाव श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराचं, म्हणून हा 'पूर्वेकडचा माणूस' पुढे बसवलेला. चेहरा कुणाचा वाटतो यावर घरात चांगला वाद होतो.

मग बाजूने चालत मागे या. काळ्या अंगावर पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यात तोफांच्या काळ्या झडपा. पोट बाहेर आलेलं आहे आणि वर जाताना भिंती आत कलतात, ते नीट बघा. जड तोफा मध्याकडे सरकाव्यात, वरचं वजन कमी व्हावं, म्हणून हा बाक. जवळपास दीडशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी ही वस्तू. मागच्या टोकाची गोलाकार खिडक्यांची रचना ही १८४५ च्या कामातली. मुंबईहून निघाली तेव्हा ती तशी नव्हती.

नौकेवर: आधी तळाशी, मग वर

शिडीवरून पोचलात की वरच्या डेकवर रेंगाळू नका. तिथून समुद्र, दोरखंड, डोलकाठ्या सगळं एकदम डोळ्यांत भरतं आणि वेळ निघून जातो. पाय ताजे आहेत तोवर थेट तळाशी उतरा. आधी सगळ्यात खालचा भाग, मग राहण्याचा डेक, मग तोफांचा, शेवटी उघडा डेक. नौका बांधली गेली तीही याच क्रमाने, खालून वर.

तळघर, म्हणजे नौकेचं पोट. इथे पाण्याची पिंपं, खारवलेल्या मांसाची पिंपं, दोरखंड आणि तोल सांभाळायला लोखंडाचं वजन भरलेलं असायचं. प्रवासी म्हणून इथे 'बघण्यासारखं' कमी आहे, म्हणून गर्दीही कमी. तेच आपल्याला हवं. बाजूच्या बरगड्यांकडे बघा. एकमेकींना लगटून उभ्या केलेल्या जाडजूड सागवानी वाशांच्या जोड्या, त्यांना आतून आणि बाहेरून फळ्या. पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याची तुळई हाताळली असेल तर हे लाकूड ओळखीचं वाटेल: तसाच काळपट तपकिरी रंग, तसाच किंचित तेलकट गुळगुळीतपणा. फरक जाडीचा.

आता मोबाइलचा टॉर्च काढा. उजेड लाकडावर सरळ टाकू नका, फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. आडव्या उजेडात उंचसखलपणा उठून दिसतो. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासलेल्या लाकडावर उथळ, एकामागोमाग एक पडलेले खळगे असतात. यंत्राच्या करवतीने कापलेलं लाकूड सपाट असतं. जुन्या वाशांवर आणखी खुणा सापडतात: बुजवलेली खिळ्यांची भोकं, कधीकाळी काढून टाकलेल्या पडद्यांच्या खाचा, झिजून गोल झालेल्या कडा. नव्या तुकड्याचा सांधा सरळ रेषेत दिसतो आणि रंग फिका असतो. दहा मिनिटं असं बघितलंत की पुढे टॉर्चशिवायही जुनं-नवं ओळखता येऊ लागतं. नौका बघायला शिकायचं म्हणजे मुख्यतः हेच. मुलांना हा खेळ म्हणून द्या, ती आपल्यापेक्षा जास्त शोधतात.

सागवानाचं कौतुक नुसतं टिकाऊ म्हणून नाही, त्यामागे कारण आहे. ओकमध्ये आम्ल असतं आणि ते लोखंडी खिळे-बोल्ट हळूहळू खातं. बोल्ट गंजला की भोवतीचं लाकूड कुजतं आणि सांधा ढिला होतो. सागवानातलं तेल उलट लोखंडाला सांभाळतं, वर वाळवीला आणि पाण्यालाही दाद देत नाही. म्हणूनच मुंबईत बांधलेल्या नौकांना ब्रिटिश नौदलात मागणी होती. 'कॉर्नवॉलिस' ही त्यांतलीच, १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह तिच्यावर झाला. 'एशिया' ही १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीची नौका होती. 'वेलस्ली' तर दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, जर्मन बॉम्बमुळे बुडाली. बांधून सव्वाशे वर्षं झाली होती तिला! तिन्ही मुंबईच्या.

राहण्याचा डेक. इथे अडीचशेच्या आसपास माणसं राहायची. छताच्या तुळयांना आकडे आहेत, त्यांना झोळ्या टांगल्या जायच्या. नियमाने एका माणसाला चौदा इंच रुंदी. हाताची वीत पसरा, वर अर्धी वीत धरा आणि त्या जागेत झोपून बघायची कल्पना करा. अर्धे खलाशी पाळीवर असायचे म्हणून शेजारची झोळी बहुधा रिकामी मिळे, तेवढाच दिलासा. टांगती टेबलं आणि लाकडी ताटल्यांची मांडणी इथे करून ठेवलेली असते. मागच्या बाजूला अधिकाऱ्यांच्या खोल्या, आपल्या रेल्वेच्या कुपेपेक्षाही लहान. या डेकवर उजेड किती कमी आहे ते बघा, आणि फोटो काढताना फ्लॅश टाळा. फ्लॅशने सगळं सपाट दिसतं, शिवाय शेजारच्याला त्रास.

तोफांचा डेक. इथे सगळे खूश होतात, तुम्हीही व्हा, पण दोन गोष्टी लक्षात घेऊन. एक, मूळ आराखड्यात या डेकवरच्या मुख्य तोफा अठरा पौंडी होत्या. म्हणजे तोफेचं नव्हे, गोळ्याचं वजन अठरा पौंड, आठ किलोच्या वर. तोफेचं वजन दोन टनांच्या आसपास. दोन, गाड्याची लहान लाकडी चाकं आणि मागून जाणारा मनगटाएवढा जाड दोर बघा. तोफ उडाली की ती मागे उसळते. हा दोर नसता तर समोरच्या बाजूच्या माणसांवर जाऊन आदळली असती. कप्प्यांतून ओवलेल्या दोऱ्यांनी ती पुन्हा पुढे ओढायची, तीही माणसांनीच. दोर कुठून कुठे जातो ते बोटाने हवेत गिरवून बघा, सगळी यंत्रणा कळते.

याच डेकच्या मागच्या टोकाला कॅप्टनची केबिन. खिडक्या, उजेड, टेबल, आणि तिथेही तोफ. लढाईच्या वेळी केबिनच्या लाकडी भिंती काढून ठेवत आणि सगळा डेक एकसंध होई. भिंतींचे सांधे शोधलेत तर ते काढता येण्याजोगे कसे केलेत ते दिसेल.

उघडा डेक. आता निवांत. सुकाणूचं चाक, घंटा, डोलकाठ्या, त्यांवरची परबाणं, म्हणजे शिडं टांगायचे आडवे वासे. पायाखालच्या फळ्यांमधल्या काळ्या रेषा म्हणजे सांध्यांत तंतू ठोसून वर ओतलेलं डांबर. पाणी आत जाऊ नये म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. कोकणात होड्यांचं काम बघितलेल्यांना ते ओळखता येईल. वाऱ्याच्या दिवशी दोरखंड वाजतात, पण नौका फारशी हलत नाही, गोदी बंदिस्त आहे. बोट लागण्याची भीती बाळगू नका.

तिथल्या माणसांशी बोला

नौकेवर कर्मचारी आणि स्वयंसेवक असतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय परत फिरू नका. "किती जुनी आहे?" हा प्रश्न त्यांना दिवसभर विचारला जातो. त्याऐवजी विचारा: "यातलं मुंबईचं लाकूड नेमकं कुठे दिसेल?" आणि सांगा की तुम्ही मुंबईचे, पुण्याचे, कोल्हापूरचे, जिथले असाल तिथले. बहुधा तुम्हाला एखाद्या वाशापाशी घेऊन जातील. ईशान्य इंग्लंडची बोली पहिल्यांदा कानाला जड जाते. "पुन्हा सांगाल का?" म्हणायला लाजू नका, तिथली माणसं अघळपघळ आणि मोकळी आहेत.

एक जपून विचारायचा विषय म्हणजे माकड. नेपोलियनच्या काळात फुटलेल्या फ्रेंच जहाजातून वाचलेल्या माकडाला हार्टलपूलकरांनी फ्रेंच हेर समजून फाशी दिलं, अशी दंतकथा आहे. गावाला त्यावरून पिढ्यानपिढ्या चिडवलं जातं. आता त्यांनीच तो विनोद आपलासा केलाय, तरी सुरुवात त्यांना करू द्या.

खाणं आणि उरलेला वेळ

नौकेवर खाऊ नका. दशमी, ठेपले, पोळीभाजी जे आणलं असेल ते धक्क्यावरच्या बाकांवर बसून खा, आणि समुद्रपक्ष्यांपासून डबा सांभाळा. ते हातातून घास नेतात, ही अतिशयोक्ती नाही.

गावात फिश अँड चिप्स चांगले मिळतात. मात्र उत्तर इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी तळणीला गोमांसाची चरबी वापरतात. नुसते बटाट्याचे चिप्स मागवले म्हणजे शाकाहारी झालं असं समजू नका. तळण तेलात की चरबीत, हे मागवण्याआधी विचारा. उत्तर स्पष्ट देतात.

नौकेलाच अडीच-तीन तास द्या. त्यानंतर वेळ उरला तर शेजारचं 'म्युझियम ऑफ हार्टलपूल' बघा, तिथे प्रवेश मोफत आहे. त्याचाच भाग असलेली 'विंगफील्ड कॅसल' ही १९३४ सालची वाफेची बोट धक्क्याला बांधलेली आहे. ती याच गावात बांधली होती. जुन्या गावठाणाकडे, हेडलँडला, गेलात तर ह्यू बॅटरी, म्हणजे किनाऱ्यावरचं तोफांचं ठाणं, आहे. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या तेव्हा तिथून उत्तर दिलं गेलं. पण हे सगळं एका दिवसात कोंबू नका.

हार्टलपूल जमत नसेल तर

स्कॉटलंडची सहल ठरली असेल तर डंडीला 'युनिकॉर्न' बघा. ती याच वर्गाची फ्रिगेट, १८२४ साली इंग्लंडमध्ये बांधलेली. तिला शिडं कधीच चढली नाहीत. बांधून झाल्यावर छप्पर घालून ठेवली आणि ते छप्पर अजून डोक्यावर आहे. दोन्ही नौका बघितल्यात तर ओक आणि सागवान शेजारी ठेवून तुलना करता येते. पोर्टस्मथच्या 'व्हिक्टरी'वर मोठं दुरुस्तीकाम सुरू आहे, बराच भाग परांचीआड झाकलेला असतो. मोठ्या अपेक्षा ठेवून जाऊ नका. काम कसं चालतं ते बघायचं असेल तर मात्र जरूर जा.

अमेरिकेत बॉस्टनला नातेवाईक असतील तर 'कॉन्स्टिट्यूशन' गाठा. 'ट्रिंकोमली'चे नकाशे बुडवणारी हीच. १७९७ ची, अजूनही अमेरिकी नौदलाच्या सेवेत, म्हणून वर जाताना सुरक्षा तपासणी होते. पाहुण्यांनी पासपोर्ट बरोबर ठेवावा. 'जावा'शी झालेल्या लढाईत तिचं स्वतःचं सुकाणूचाक उडालं होतं, मग हरलेल्या 'जावा'चं चाक काढून बसवलं गेलं. तिथल्या खलाशाला त्या चाकाबद्दल विचारा आणि मग त्याला मुंबईची बाजू सांगा. अमेरिकेच्या इतिहासात 'जावा'ची कथा विजयावर संपते. त्या नकाशांचं पुढे काय झालं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.